बाथरूमची कडी

हणमंतराव मोहित्यांना नारळ विकणं ही शिक्षाच. बंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या बाजारातला नारळवाला त्यांना लांबून येताना बघतो आणि मुद्दाम पाठ फिरवून पोती आवरायला लागतो. कारण हा गृहस्थ नारळ हातात घेणार, कानाशी हलवणार, नखानं वाजवणार, शेंडी बाजूला सारून डोळे तपासणार आणि एवढं झाल्यावर विचारणार, "आत कुजका निघाला तर?" अहो, नारळ तो! फोडल्याशिवाय कुणाला कळलंय? पण ऐकतील तर हणमंतराव कसले. दुधाची पिशवी ते उजेडात धरून बघतात. रिक्षात बसले की रस्त्याकडे कमी आणि मीटरकडे जास्त लक्ष. घरी कुणी पाहुणा आला आणि "सहज आलो होतो" म्हणाला, की यांच्या कपाळाला आठी. सहज कोण कशाला येईल, ही त्यांची शंका.

पण त्यांना तरी किती दोष द्यायचा? संशय घेण्याचाच त्यांना पगार मिळतो. बंगळुरूच्याच पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग करणारा एक छोटा कारखाना आहे, तिथली शेवटची तपासणी हणमंतरावांच्या टेबलावर होते. हातात पोलादाचा गेज. त्याचं एक टोक नगाच्या भोकात गेलं पाहिजे, दुसरं टोक जाता कामा नये. जमलं तर नग डब्यात, नाही तर त्याच्यावर लाल रंगाचा ठिपका. आणि दुरुस्त होऊन परत आलेला नग असला, तर हणमंतराव त्याचं पार डोकं खातात. "एकदा दगा दिलेल्यावर विश्वास नाही," असं म्हणतात. कारखान्यातले लोक त्यांना पाठीमागे सीआयडी म्हणतात. हे त्यांना माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. एकदाच काय ते हणमंतराव तपासण्याच्या विरुद्ध बोलले. एक नवा कामगार पितळेच्या नगात पुन्हा पुन्हा गेज घालून बघत होता, तेव्हा यांनी त्याच्या हातातून नग ओढून घेतला. "अरे, तपासून तपासून मारतोस काय त्याला? मऊ धातू आहे तो, चरे पडले बघ आतून!"

तर अशा या माणसाच्या नाकाखाली, त्याच्याच घरात, त्याची एकुलती एक मुलगी कित्येक महिने आतून खचत होती, आणि त्याला पत्ता लागला नाही. खरं दुखणं हे आहे.

मोहिते तसे बंगळुरूचेच. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर इकडे आले, ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि दोन्हींची खिचडी देवघरापासून स्वयंपाकघरापर्यंत. स्मृती त्या घरातली, सोळा वर्षांची, गळा गोड, हट्टी. पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, गेली आणि हळूहळू विझत गेली. सकाळी उठेना. ताटावरून अर्धवट उठायची. गाण्याचा क्लास सुटला. मैत्रिणींचे फोन वाजून वाजून थांबले. "माझ्याच्यानं काही होणार नाही अप्पा," म्हणायची. "माझ्यामुळेच सगळं बिघडतं." हणमंतरावांना संशय आला नाही असं नाही हं. आला. पण कशाचा? आधी मोबाईलचा, मग एखाद्या मुलाचा, मग अभ्यास चुकवण्याच्या नाटकाचा. कौशल्याबाई, त्यांची बायको, बालवाडीत शिकवतात. लेकरांचे चेहरे वाचण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्या म्हणाल्या, "अहो, पोर सुकत चाललीय. कुणाला तरी दाखवू या." त्यावर हे म्हणाले, "आळसाला औषध नसतं, कौशल्या." दाराआड स्मृती उभी होती. तिनं ते ऐकलं.

मग एका दुपारी कॉलेजातून फोन आला. तिथल्या समुपदेशक बाईंपुढे स्मृती मोकळी झाली होती. मला जगावंसंच वाटत नाही, असं तिनं सांगितलं होतं. हणमंतराव हातातला नग तसाच टाकून कारखान्यातून पळाले. रस्ताभर मनात एकच: माझ्या हातून हे सुटलं कसं? जगातली खोट काढणारा मी, आणि घरातलीच दिसली नाही?

स्मृतीला काही दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टर शेषगिरी म्हणून मनोविकारतज्ज्ञ होते, शांत, कन्नडमधून अगदी सावकाश बोलणारे. ते म्हणाले, "हा आजार आहे. नैराश्य म्हणतात. तुमच्या मुलीचा दोष नाही, तुमचाही नाही. गोळ्या आणि बोलणं, दोन्ही लागेल. वेळ लागेल, पण मुलं यातून बरी होतात." आणि जाता जाता सूचना दिल्या. घरातली सगळी औषधं कुलपात ठेवा. तिला एकटी सोडू नका. काही दिवस दाराला आतून कडी नको.

काही दिवस, असं डॉक्टर म्हणाले होते. हणमंतरावांनी घरी येऊन पाना-पेचकस काढला आणि तिच्या खोलीची कडी काढली, बाथरूमची काढली, गच्चीच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. सुऱ्या कपाटात. काडेपेटी आणि गॅसचा लायटर यांच्या खिशात. कौशल्याबाईंना चहा करायचा तर नवऱ्याकडे हात पसरायचा! आणि बाथरूमचा नियम असा: स्मृती आत गेली की हे बाहेर बोळात उभे.

"स्मृती?"

"आहे."

जरा वेळानं पुन्हा, "स्मृती?"

"आहे, अप्पा."

सुरुवातीला त्या मुलीलाही बाहेर कुणी आहे याचा आधारच वाटला असेल. पण ते दिवस गेले, सण गेले, पीयूसीचं दुसरं वर्ष सुरू झालं, स्मृती जेवायला लागली, कॉलेजला जायला लागली, एकदा तर कपडे वाळत घालताना गुणगुणली. नियम मात्र तसाच. केसांना साबण लावलेला असताना, तोंडात पाणी असताना, "स्मृती?" आणि तिनं "आहे" म्हटलंच पाहिजे. उत्तराला जरा उशीर झाला की दारावर थाप. एकदा तिनं मुद्दाम उत्तर दिलं नाही, तर हणमंतरावांनी दार ढकललं. त्या दिवशी ती दिवसभर बापाशी बोलली नाही. आणि त्या न बोलण्याचाही यांना संशय आला.

संशयाला काय, खायला काहीही चालतं. पोर गप्प बसली तर गप्प का? हसली तर हसते कशी? एवढी आजारी होती ती एकदम हसायला कशी लागली, काहीतरी लपवत असणार! गोळी घेतली की तोंड उघडून दाखव, जीभ उचल. डॉक्टर तिला एकटीला आत घेतात, दार लावतात, तासभर काय बोलतात? माझ्याबद्दलच बोलत असणार. बाहेरच्या बाकावर बसून हणमंतराव त्या बंद दाराकडे असे बघत राहायचे की तिथल्या नर्सबाईंनी एकदा विचारलं, "सार, काही पाहिजे का?"

एकदा जेवताना स्मृतीच उत्साहानं सांगायला लागली. "अप्पा, डॉक्टरांनी मला एक शिकवलंय. मनात वाईट विचार आला ना, की सगळं बिघडणार, मी कुचकामी, तर त्याला विचारायचं, पुरावा काय? वकिलासारखं. बहुतेक वेळा पुरावाच नसतो. मग तो विचार स्वल्प सैल पडतो."

"एवढंच शिकवतात?" हणमंतराव म्हणाले. "हे तर मीही सांगितलं असतं."

"मग तुम्ही स्वतःला विचारता का?" स्मृतीनं विचारलं. कौशल्याबाईंनी पटकन ताकाचं भांडं पुढे केलं आणि विषय तिथेच मिटला.

त्यानंतरच्या भेटीत डॉक्टरांनी नवरा-बायकोला आत बोलावलं. म्हणाले, "सुधारणा चांगली आहे. आता पहारा सैल करायला हवा. गोळ्या आई देईल, पण तोंड तपासणं बंद. बाथरूमची कडी परत लावा. लहानसहान गोष्टी तिच्या हातात द्या, तुम्ही सोबत असताना. तिच्यावर विश्वास टाकला जातोय हे तिला कळू दे. तोसुद्धा औषधाचाच भाग आहे." मग ते हणमंतरावांकडे वळले. "आणि तुम्ही? तुम्हाला झोप लागते का?"

"मला काय धाड भरलीय?" हणमंतराव म्हणाले. बाहेर आल्यावर बायकोला म्हणाले, "बघितलंस? मुलगी बरी होत आली तसा हा दुसरा पेशंट शोधतोय." कडीचं त्यांनी 'लावतो, लावतो' म्हटलं. कडी त्यांच्या हत्यारांच्या पेटीत फडक्यात गुंडाळून तशीच राहिली.

आणि मग लिंबं नाहीशी व्हायला लागली.

हो, लिंबं! कौशल्याबाई आठवड्याची भाजी आणतात त्यातली लिंबं हणमंतराव सवयीनं मोजतात. मंगळवार झाला की ती कमी. बायकोला विचारलं तर म्हणाली, "सरबत केलं." सरबत कुणी प्यालं? स्मृती मंगळवारी कॉलेजातून उशिरा यायची. विचारलं तर, "लायब्ररीत होते." तिच्या बोटांना लिंबाचा वास. लायब्ररीत लिंबं पिळतात? त्यांनी हे फोनवर आपल्या थोरल्या अक्काला सांगितलं. अक्का एका दमात म्हणाली, "अय्यो हणमंता, लिंबू म्हणजे करणीच! कुणीतरी माट केलंय तुझ्या पोरीवर." हणमंतरावांनी फोन ठेवला. करणीबिरणी त्यांना पटत नव्हती. आणि पटली असती तर बरं झालं असतं, कारण त्यांच्या मनात आलं होतं ते त्याहून भयंकर होतं.

ते खरं वाटायला लागलं एका मंगळवारी संध्याकाळी. स्मृतीनं ताट घ्यायला हात पुढे केला आणि तिच्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग दिसला. ताजा, लालसर.

"हे काय?"

"काही नाही अप्पा. कॉलेजात, लॅबमध्ये." तिनं हात मागे घेतला. जरा जास्तच लवकर घेतला.

घरात काडेपेटी माझ्या खिशात, आणि पोरीच्या अंगठ्याला चटका! हणमंतरावांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी बायकोकडे बघितलं, तर ती भात वाढत होती, नजर खाली. हिला माहीत आहे? माहीत असून गप्प आहे? की हिलाही फसवलंय? पोर स्वतःला इजा करून घेतेय, असं त्यांच्या मनानं पक्कं धरलं. पण आरडाओरडा करायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. रंगेहाथ पकडायचं, आणि त्या शांत डॉक्टरच्या टेबलावर नेऊन उभं करायचं. हीच का तुमची सुधारणा, म्हणून विचारायचं. पुढच्या मंगळवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. मालकानं आश्चर्यानं वर बघितलं, कारण सीआयडी रजा घेत नाहीत.

कॉलेजच्या फाटकासमोर एका रिक्षात ते मागे सरकून बसले. कारखान्याचा निळा शर्ट, पायात लोखंडी टोकाचे बूट, घाईत बदलायचे राहिलेले. मुली घोळक्यानं बाहेर पडल्या. स्मृती एकटी आली, इकडेतिकडे बघितलं, आणि घरच्या बसऐवजी दुसऱ्याच बसमध्ये चढली.

"त्या बसच्या मागे घ्या," हणमंतराव कन्नडमध्ये म्हणाले.

रिक्षावाल्यानं रिक्षा घेतली खरी, पण आरशातून त्यांच्याकडे बघायला लागला. थांब्यावर बस थांबली की रिक्षाही थांबायची, आणि हणमंतराव मान बाहेर काढून मुलींवर नजर फिरवायचे. दोन थांबे त्यानं सोसलं. मग रिक्षा कडेला घेऊन इंजिनच बंद केलं.

"सार, तुम्ही कॉलेजच्या पोरीचा पाठलाग करताय. कोण आहे ती?"

"माझी मुलगी आहे!"

"पुरावा काय?"

हणमंतराव भडकले, मग घाबरले, कारण बस पुढे निघाली होती. घाईघाईनं त्यांनी मोबाईल काढून फोटो दाखवला. दोन वर्षांपूर्वीचा, त्यात स्मृती त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून खदाखदा हसत होती. रिक्षावाल्यानं फोटो बघितला, यांच्या तोंडाकडे बघितलं आणि रिक्षा सुरू केली. पण गप्प बसला नाही. "मुलगीच आहे तर हाक मारा ना, सार. लपून कशाला बघता?" हणमंतराव पुढच्या बसकडे बघत राहिले.

बस बनशंकरीला थांबली. स्मृती उतरली आणि सरळ देवळाकडे वळली. मंगळवारची राहुकाळाची वेळ, बायकांची ही गर्दी. बनशंकरी देवीला राहुकाळात लिंबाचे दिवे लावतात. लिंबू कापायचं, पिळायचं, अर्धं साल उलटं करून त्याची वाटी करायची, त्यात तूप-वात घालून देवीपुढे ठेवायची. जन्म याच भागात गेलेल्या हणमंतरावांना हे काय माहीत नव्हतं? पण नको त्या शंकेपर्यंत पोचलेलं डोकं कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत पोचलं नाही. आता त्यांच्या लक्षात आलं, आणि क्षणभर हायसं वाटलं. क्षणभरच. कारण कठड्याच्या जाळीतून त्यांना पुढचं दिसलं.

स्मृती बायकांच्या रांगेत मांडी घालून बसली होती. तिच्या शेजारी कौशल्याबाई! त्यांची स्वतःची बायको, जी या वेळेला घरी चिंच निवडत असायला हवी होती. आणि त्या कौशल्याबाईंनी कनवटीतून काडेपेटी काढली आणि सरळ मुलीच्या हातात दिली.

हणमंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघी सामील! ज्या पोरीच्या हाती मी काडी लागू देत नाही, तिला हीच बाई आग देतेय! ते तिरासारखे आत निघाले, तोच खालून आवाज आला, "ओ साहेब, पायताण! पायताण काढा की!"

शुद्ध मराठीतला आवाज ऐकून ते थबकले. पायरीशी टोपली मांडून एक म्हातारी बसली होती, लिंबं आणि तुपात भिजवलेल्या वाती विकणारी. आसपासचे तिला गंगव्वा म्हणत होते. बूट घालून आत जायची सोय नव्हती. हणमंतराव खाली बसले आणि नाड्या सोडायला लागले. कारखान्याच्या बुटांच्या नाड्या, ओढून बांधलेल्या. रागानं हिसके दिल्यामुळे गाठ सुटण्याऐवजी आवळतच गेली.

"तुम्हाला मराठी येतं?" त्यांनी दात-ओठ खात गाठीशी झटापट करत विचारलं.

"मी बेळगावकडची न्हवं का. तुम्ही मगाधरनं तोंडातल्या तोंडात पुटपुटत हुता ते मराठीतच. हितं मराठी कानावर पडत न्हाई लई. त्या दोघी येत्यात बघा मंगळवारी, मायलेकी, त्यांचं तेवढं ऐकती." गंगव्वानं हनुवटीनं जाळीकडे खूण केली. ती नेमकी स्मृती आणि कौशल्याबाईंकडेच. "गुणी पोर हाय. आजारी हुती म्हणं, डाकदराचं औषध चालू हाय, आता सावरलीया. पयल्या दिवशी काडी वढाय भ्याली. आईनं हात धरून वढीवली. गेल्या खेपंला अंगठा भाजून घेतला, तर केवढी हसली! म्हणली, आई, एवढंसं तर भाजलं, मी उगा भीत हुते."

हणमंतरावांचे हात नाडीवर थांबले. "दिवा कशासाठी लावतात? तिच्या आजारासाठी?"

"तिच्यासाठी? न्हाई वो." गंगव्वा वाती मोजता मोजता सहज म्हणाली. "बापासाठी लावती ती. बापाला झोप न्हाई म्हणं. रातभर दाराशी बसतोय, घरातली काडीसुदीक खिशात घेऊन फिरतोय. पोरीवर लई जीव हाय, पन भ्यानं पार येडा झालाय. आई म्हणती, घरात दोन सबूद बोलाय जागा न्हाई, म्हणून हितं येतो. आन पोर दर खेपंला एकच मागती, माझं झालं तसं अप्पाचं बी बरं हुं दे." मग तिनं त्यांच्या बुटांकडे बघितलं. "सुटली का न्हाई गाठ? सोडू का मी?"

"नको," हणमंतराव म्हणाले. "राहू दे."

जाळीतून त्यांनी पुन्हा बघितलं. स्मृतीनं काडी ओढली. ज्योत ओंजळीत धरली, वातीला लावली, आणि काडी विझवून नीट बाजूला ठेवली. तिचा हात जराही थरथरत नव्हता. थरथरत होता तो हणमंतरावांचा. आणि त्यांना, का कोण जाणे, तो पितळेचा नग आठवला. तपासून तपासून मारतोस काय, असं ते स्वतःच ओरडले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला खिशात हात घातला तर रुमालाबरोबर काडेपेटी आणि लायटर बाहेर आले. एवढ्या सगळ्या बायकांमध्ये, आग खिशात दडवून फिरणारा एकटा हाच माणूस.

ते आत गेले नाहीत. आवळलेली गाठ तशीच ठेवून उठले आणि घरी आले.

मायलेकी थोड्या थोड्या अंतरानं घरी पोचल्या, दर मंगळवारसारख्या, आधी आई, मागून मुलगी. बघतात तर हणमंतराव बाथरूमच्या दाराशी गुडघे टेकून बसलेले, शेजारी हत्यारांची पेटी. कडी जागच्या जागी बसली होती. ते शेवटचा स्क्रू पिळत होते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर काडेपेटी आणि लायटर ठेवलेला.

"अप्पा, मी लायब्ररीत..." स्मृतीनं सवयीनं सुरुवात केली.

"सरी, सरी, असू दे," हणमंतराव वर न बघता म्हणाले. "अंगठ्याला मलम लाव. तूप सांडलं की चटका खोल बसतो."

स्मृती आईकडे बघायला लागली. कौशल्याबाईंच्या लक्षात सगळं आलं. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग कडक झाला. इतके महिने तोंडात धरून ठेवलेलं त्यांनी बोलूनच टाकलं. "हो, मीच नेत होते. डॉक्टरांना विचारून नेत होते. दिव्यानं बरी होते म्हणून नाही, बरी तर ती औषधानं होतेय. पण या घरात पोरीला श्वास घ्यायला जागा ठेवलीय का तुम्ही? ओरडायचं तर माझ्यावर ओरडा, तिच्यावर नको."

"ओरडत नाही," हणमंतराव म्हणाले. स्क्रू घट्ट बसला तरी ते पेचकस फिरवतच होते. "भीती वाटते गं कौशल्या. एकदा माझ्या नजरेतून सुटलं. पुन्हा सुटलं तर काय करू? हे डोक्यातून जातच नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे... मीही आत बसतो. एकटा. दार लावून." कौशल्याबाईंनी नवऱ्याच्या हातातला पेचकस अलगद काढून घेतला.

स्मृतीनं कडी बोटानं वर-खाली करून बघितली. मग टॉवेल खांद्यावर टाकला, आत गेली आणि दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज आला. खट्.

हणमंतराव बोळात उभे होते. जायला पाहिजे, हे त्यांना कळत होतं. पाय उचलत नव्हता. आत बादलीत पाणी पडत होतं तोवर ठीक होतं. मग नळ बंद झाला. मग काहीच ऐकू येईना. तिचं नाव त्यांच्या जिभेवर आलं, अगदी दातांपर्यंत आलं. पुरावा काय? काही नाही. पुरावा काय, पुरावा काय, असं मनातल्या मनात घोकत त्यांनी भिंतीला हात टेकला, ओठ गच्च मिटले आणि हाक गिळली. कौशल्याबाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या; त्याही जवळ आल्या नाहीत.

आतली शांतता लांबत गेली. आणि मग बंद दारामागून, साबणाच्या वासाबरोबर, आवाज आला.

"अप्पा?"

हणमंतरावांनी घसा खाकरला.

"आहे," ते म्हणाले. "आहे, बाळा."